पोच दिली म्हणजे पत्र पोचले काय?

पत्र पाठविणे आणि पत्र पोचणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे कोणत्याही कचेरीत काम केलेल्या माणसास सांगावे लागत नाही. परंतु पत्र दारात येणे आणि पत्र ज्याचे त्याच्या हाती पडणे, याही दोन वेगळ्याच गोष्टी आहेत, हे मात्र सहसा ध्यानात येत नाही. आजचा आमचा विषय या दुसऱ्या टप्प्याचा आहे. ईमेल एखाद्या संस्थेच्या सर्व्हरपाशी येऊन थडकले की पुढे त्याचा बटवडा कसा होतो, तो बटवडा कसा लावून द्यायचा असतो, आणि त्यात कोणती उणीव राहिली असता पत्र घरात येऊनही बेपत्ता होते, एवढेच आम्ही येथे सांगणार आहोत.

कामगार चळवळीतल्या माणसाने हा विषय का निवडावा, असे कोणाच्याही मनात येईल. आमचे शिक्षण रात्रशाळेत आणि वाचनालयाच्या बाकावर झाले. संगणकाची पदवी आमच्यापाशी नाही. पण संघटनेचे काम म्हणजे निम्मे कागदाचे काम. मागणीपत्र, नोटीस, सरकारी कामगार अधिकाऱ्यापुढील तारीख, सभेचे इतिवृत्त, यांपैकी एखादा कागद एक दिवस उशिरा हाती पडला तरी शेकडो घरांच्या चुलींवर त्याचा परिणाम होतो. हा कागद आता ईमेलने येतो. म्हणून तो ज्या यंत्रातून येतो त्याची रीत जाणून घेणे आम्हास भाग पडले. आणि जाणून घेतल्यावर असे दिसले, की हे शास्त्र पदवीधरांपुरते राखून ठेवण्याइतके गहन मुळीच नाही. ज्याने कचेरीचे आवक-जावक रजिस्टर चोख ठेवले आहे, त्यास ते निश्चित समजते.

प्रथम कायदा काय म्हणतो ते पाहू. सन २००० च्या माहिती तंत्रज्ञान अधिनियमातील कलम १३ हे इलेक्ट्रॉनिक लेख केव्हा मिळाला असे मानावे, याविषयी आहे. दोन्ही पक्षांत वेगळे काही ठरलेले नसेल, आणि पत्रे घेण्यासाठी आपण एखादे संगणकीय ठिकाण नेमून दिले असेल, तर पत्र त्या नेमलेल्या ठिकाणी शिरले त्या क्षणी ते आपल्याला मिळाले, असे हे कलम सांगते. आपण ते उघडले की नाही, वाचले की नाही, हा प्रश्न तेथे उद्भवत नाही. अर्थात, दारापासून पेटीपर्यंतचा जो प्रवास, त्याची जोखीम पाठविणाऱ्याच्या नव्हे, तर घेणाऱ्याच्या शिरावर येते.

आमच्या पाहण्यातील एका संघटनेत असे घडले. समेटाच्या बैठकीची तारीख अलीकडे आणल्याचे पत्र ईमेलने आले. सचिव म्हणाले, पत्र मिळाले नाही. समोरचा पक्ष म्हणाला, आमच्यापाशी पोच आहे. दोघेही खरे बोलत होते. संघटनेच्या सर्व्हरने पत्र घेतले होते, पोच दिली होती, आणि पूर्वीच निवृत्त झालेल्या माजी सचिवांच्या पेटीत ते नेऊन टाकले होते. ती पेटी कोणीच उघडत नव्हते. यंत्र बिघडले नव्हते. त्यास जे सांगून ठेवले होते, ते त्याने इमानाने केले. दोष सांगून ठेवण्यात होता. हे जे 'सांगून ठेवणे', त्यालाच जाणकार लोक 'कॉन्फिगरेशन' म्हणतात.

आता थोडा इतिहास. युनिक्स ही संगणकप्रणाली अमेरिकेतील बेल लॅब्ज येथे १९६९ मध्ये सुरू झाली. तेव्हा एकाच यंत्रावर अनेक माणसे काम करीत, आणि पत्र पाठविणे म्हणजे दुसऱ्याच्या फाइलीच्या शेवटी आपला मजकूर जोडणे, एवढेच असे. १९७१ मध्ये रे टॉमलिन्सन यांनी एका यंत्रावरून दुसऱ्या यंत्रावर पत्र धाडले, आणि पत्त्यात माणसाचे नाव व यंत्राचे नाव यांच्यामध्ये 'अ‍ॅट'ची खूण घातली. ती आजही चालू आहे. यंत्रायंत्रांनी पत्रांची देवघेव कोणत्या शब्दांत करावी, याचे नियम जॉन पोस्टेल यांनी १९८२ मध्ये लिहून दिले. त्यांस 'एसएमटीपी' असे नाव आहे. पुढे त्यांत दुरुस्त्या झाल्या, परंतु पाया तोच राहिला.

युनिक्सवर हे काम करणारा एरिक ऑलमन यांचा 'सेंडमेल' हा कार्यक्रम बर्कली येथील विद्यापीठात तयार झाला आणि १९८० नंतरच्या दशकात जगभर पसरला. त्यात एकच मोठा कार्यक्रम सगळी कामे करी, आणि तोही यंत्राच्या मालकाचे सर्व अधिकार घेऊन. दाराशी बसलेल्या पहारेकऱ्याच्या कमरेला तिजोरीची किल्ली बांधावी, तसा हा प्रकार. २ नोव्हेंबर १९८८ रोजी रॉबर्ट मॉरिस या विद्यार्थ्याने सोडलेला कार्यक्रम इंटरनेटवर झपाट्याने पसरला. त्यास शिरण्यासाठी ज्या वाटा सापडल्या, त्यांपैकी एक सेंडमेलमध्येच राहून गेलेली होती. यावरून पुढच्या लोकांनी धडा घेतला. वीत्से वेनेमा यांनी आयबीएमच्या संशोधनशाळेत असताना लिहिलेला 'पोस्टफिक्स' १९९८ च्या अखेरीस प्रसिद्ध झाला. त्यात कामाची वाटणी आहे. दारावर एक, नोंद घेणारा दुसरा, रांग सांभाळणारा तिसरा, पेटीत टाकणारा चौथा. आणि ज्याला जेवढे काम, तेवढाच अधिकार. श्रमविभागाचे हे तत्त्व यंत्रालाही मानवले, याचा आम्हास विशेष आनंद वाटतो. यापुढील सर्व विवेचन आम्ही या पोस्टफिक्सला धरूनच करणार आहोत.

समजा, एखाद्या कामगार संघटनेचे स्वतःचे डोमेन आहे आणि स्वतःचा लहानसा सर्व्हर आहे. बाहेरचे यंत्र पत्र घेऊन येते आणि दार ठोठावते. मग दोघांत संभाषण होते. आलेला प्रथम आपले नाव सांगतो. मग पाठविणाऱ्याचा पत्ता सांगतो. मग ज्याला द्यायचे त्याचा पत्ता सांगतो. हे सारे लिफाफ्यावरचे. त्यानंतर आतला मजकूर येतो, आणि ओळीवर एकटा एक ठिपका आला की मजकूर संपला असे समजायचे. लिफाफा आणि आतील कागद यांतील हा भेद नीट ध्यानी धरावा. पत्राच्या माथ्यावर 'प्रति' म्हणून काही लिहिलेले असो, बटवडा होतो तो लिफाफ्यावरील नावाने. तुमचे नाव माथ्यावर नसतानाही पत्र तुमच्याकडे येते ते यामुळेच.

या संभाषणात आपले यंत्र प्रत्येक वेळी एक आकडा उच्चारते. आकडा २ ने सुरू झाला तर होकार. ४ ने सुरू झाला तर 'आता नाही, पुन्हा या'. ५ ने सुरू झाला तर 'कधीच नाही'. मजकूर संपल्यावर आपल्या यंत्राने २५० म्हटले, की पोच दिली गेली. त्या क्षणी जबाबदारीचे ओझे पाठविणाऱ्या यंत्राच्या खांद्यावरून आपल्या यंत्राच्या खांद्यावर येते. पाठविणारे यंत्र आपली प्रत पुसून टाकण्यास मोकळे होते. म्हणून पोस्टफिक्स पत्र प्रथम डिस्कवर पक्के उतरवून घेते आणि मगच २५० म्हणते. मधेच वीज गेली तरी पत्र जाऊ नये, हा त्यातला हेतू. नियमच असा आहे, की पोच दिल्यावर एकतर पत्र पोचवावे, नाहीतर पोचले नाही असे पाठविणाऱ्यास कळवावे. मुकाट्याने गिळून टाकण्याची मुभा सहसा नाही.

यावरून बटवडा लावून देणाऱ्याचे पहिले कर्तव्य निघते: जे पत्र आपण पोचवू शकत नाही, त्याची पोच देऊ नये. संघटनेत कोण कोण आहे, याची यादी दारावरच्या पहारेकऱ्यापाशी असली पाहिजे. नाव यादीत नसेल तर त्याने तेथल्या तेथे ५५० म्हणावे. मग पाठविणाऱ्याचेच यंत्र त्यास कळविते, की असा माणूस तेथे नाही. तो बिचारा पत्ता तपासून पुन्हा पाठवितो. दारावर यादी नसेल, तर पत्र आत घेतले जाते, पोच दिली जाते, आणि मग माणूस सापडत नाही म्हणून परत धाडावे लागते. परत कोणाकडे? लिफाफ्यावर ज्याचे नाव असेल त्याच्याकडे. आणि फसव्या पत्रांच्या लिफाफ्यावर ते नाव बहुधा चोरलेले असते. म्हणजे ज्या गृहस्थाने पत्र पाठविलेच नाही, त्याच्या दारात आपण परतीच्या पत्रांचा ढीग ओततो. निष्काळजी सर्व्हर हे काम रात्रंदिवस करीत असतात.

कित्येकजण याहून सोपी वाट शोधतात. डोमेनवर कोणत्याही नावाने आलेले पत्र एकाच पेटीत टाकावे, असे ते सांगून ठेवतात. एकही पत्र सुटणार नाही, असा त्यामागचा भाव. वस्तुतः यात सुटते तेच अधिक. नाव चुकवून लिहिणाऱ्यास आपली चूक कधीच कळत नाही, जाहिरातींचा कचरा त्याच पेटीत भरतो, आणि कायद्याच्या दृष्टीने ते सर्व आपणास मिळालेले ठरण्याची भीती राहते. ज्या पत्राकडे कोणी पाहणार नाही ते घेणे, हा उदारपणा नव्हे.

दारातून पत्र आत आले, की दुसरा प्रश्न: हे नाव म्हणजे नेमका कोण? येथे 'एलिअस' नावाची यादी कामी येते. डाव्या बाजूस पत्त्यातील नाव, उजव्या बाजूस ते कोणाकडे द्यायचे त्याचे नाव, इतकी ती साधी असते. संघटनांनी या यादीचा उपयोग अवश्य करावा. बाहेर जाहीर करावयाचा पत्ता नेहमी पदाचा असावा, व्यक्तीचा नसावा. 'सचिव' हा पत्ता कायम. त्याच्या उजवीकडील नाव निवडणुकीनंतर बदलायचे. किंबहुना, उजवीकडे एकाऐवजी दोन नावे घालावीत, म्हणजे सचिव आजारी पडले तरी पत्र कार्यालय-चिटणीसांच्या नजरेस पडते. वर सांगितलेल्या संघटनेचे पत्र गहाळ झाले, ते या यादीतील एक ओळ न बदलल्यामुळे. यात आणखी एक खाच आहे. यादी आपण साध्या मजकुरात लिहितो, परंतु यंत्र वाचते ती तिच्यापासून तयार केलेली जलद शोधाची प्रत. 'न्यूएलिअसेस' ही आज्ञा देऊन ती प्रत नव्याने करावी लागते. ओळ बदलली आणि आज्ञा विसरली, तर कागदावर नवा सचिव आणि यंत्राच्या लेखी जुनाच, अशी स्थिती राहते. 'पोस्टमास्टर' या नावाचा पत्ताही यादीत असावाच लागतो. काही बिघडले असता बाहेरच्याने कोणाला कळवावे, यासाठी तो नियमानेच सक्तीचा केलेला आहे.

उजवीकडे बाहेरच्या एखाद्या मोठ्या कंपनीचा फुकट पत्ता घालण्याची चाल मात्र जपून वापरावी. कोणत्या डोमेनचे पत्र कोणत्या यंत्रांनी पाठवावे, याची यादी डोमेनवाले आता जाहीर करीत असतात. आपण पत्र जसेच्या तसे पुढे ढकलले, तर लिफाफ्यावर मूळ पाठविणाऱ्याचे नाव आणि आणणारे यंत्र मात्र आपले, असे होते. पुढचा सर्व्हर संशय घेतो आणि पत्र नाकारतो किंवा कचऱ्यात टाकतो. पुन्हा पोच आपली, आणि पत्र कोणाचेच नाही.

तिसरा प्रश्न राहण्याच्या जागेचा. युनिक्सवर ज्याचे खाते आहे त्यालाच पेटी, ही जुनी पद्धत. सभासद शेकडो असतील तर प्रत्येकास यंत्रावर खाते देणे धोक्याचे. म्हणून नुसत्या पेट्या ठेवून त्यांचा सांभाळ एकाच खात्याकडे द्यायचा, ही दुसरी पद्धत. पोस्टफिक्सच्या 'मेन डॉट सीएफ' या फाइलीत पहिल्या पद्धतीची डोमेने एका ओळीत आणि दुसऱ्या पद्धतीची दुसऱ्या ओळीत लिहितात. एकच डोमेन दोन्ही ओळींत कदापि लिहू नये. दोन मुकादमांनी एकाच कामगारास दोन हुकूम द्यावेत, तसा घोळ त्यातून होतो.

पेटीचेही दोन घाट आहेत. जुन्या घाटात, ज्यास 'एमबॉक्स' म्हणतात, एका माणसाची सर्व पत्रे एकाच लांब फाइलीत एकापुढे एक जोडलेली असतात. नवे पत्र कोठे सुरू झाले, हे 'फ्रॉम' या इंग्रजी शब्दाने सुरू होणाऱ्या ओळीवरून ओळखायचे. मजकुरातीलच एखादी ओळ त्या शब्दाने सुरू झाली, तर तिच्यापुढे एक खूण घालून ती निराळी करावी लागते. एकजण पत्र टाकीत असताना दुसरा पत्र काढू लागला, तर फाइलीस कुलूप लावावे लागते. कुलूप चुकले की सगळी फाइल बिघडते. दुसरा घाट 'मेलडिर' हा डॅनियल बर्नस्टाइन यांनी आपल्या 'क्यूमेल' या कार्यक्रमासाठी काढला. यात प्रत्येक पत्राची स्वतंत्र फाइल असते आणि तीन कप्पे असतात. पत्र प्रथम तात्पुरत्या कप्प्यात पूर्ण लिहिले जाते, मग एका झटक्यात नव्या पत्रांच्या कप्प्यात सरकविले जाते, आणि वाचणाऱ्याने पाहिले की तिसऱ्या कप्प्यात जाते. अर्धवट पत्र कोणाच्या नजरेस पडतच नाही, म्हणून कुलपाचीही गरज नाही. पोस्टफिक्सला हा घाट हवा असे सांगायचे, तर 'होम मेलबॉक्स' या ओळीत पेटीचे नाव लिहून शेवटी एक तिरपी रेघ द्यावी लागते. रेघ दिली तर मेलडिर, न दिली तर एमबॉक्स. एका रेघेवर घराची सारी रचना बदलते. यास्तव लिहिलेले दोनदा वाचावे.

येथे हुकुमांचा अग्रक्रम सांगितला पाहिजे, कारण यात पुष्कळांची फसगत होते. पोस्टफिक्स स्थानिक बटवडा करताना प्रथम एलिअसची यादी पाहते. मग माणसाने स्वतःच्या खात्यात 'फॉरवर्ड' नावाची चिठ्ठी ठेवली आहे काय, ते पाहते. मग बटवडा दुसऱ्या एखाद्या कार्यक्रमाकडे सोपविण्याचा हुकूम आहे काय, ते पाहते. आणि यांतले काहीच नसेल तेव्हा पेटीच्या ओळीकडे वळते. वरचा हुकूम असेपर्यंत खालचा कितीही बरोबर लिहिला तरी तो चालत नाही. आपण पेटीची ओळ पुन्हा पुन्हा बदलीत बसतो, आणि पत्र मात्र वरच्याच हुकुमाने भलतीकडे जात राहते.

आजकाल शेवटचा बटवडा बहुधा टिमो सिराइनेन यांच्या 'डव्हकॉट' या कार्यक्रमाकडे सोपवितात. पत्र वाचावयास देणाराही तोच असल्याने पेटीचा हिशेब एका हाती राहतो. दोघांतील देवघेव 'एलएमटीपी' या रीतीने होते. तिचा गुण असा: एकच पत्र पाच जणांस असेल, तर दारावरच्या संभाषणात पाचांसाठी शेवटी एकच उत्तर मिळते, या रीतीत मात्र प्रत्येकासाठी निराळे उत्तर मिळते. चौघांच्या पेटीत पत्र पडले आणि पाचव्याची पेटी भरलेली निघाली, तर फक्त पाचव्याचेच पुन्हा पाहावे लागते.

पेटीपाशी आणखी एक सोय असते, ती छाटणीची. 'सीव्ह' नावाच्या लहानशा भाषेत प्रत्येकजण आपले नियम लिहू शकतो: अमक्याचे पत्र अमक्या कप्प्यात टाका, तमक्याचे दुसऱ्यास पाठवा. ही भाषा मुद्दामच दुबळी ठेवली आहे. तिच्यात फेरे घालता येत नाहीत, म्हणून नियम अडकून पडत नाही. आणि कोणताच नियम लागू झाला नाही तर पत्र मुख्य पेटीतच राहते. तिच्यात 'डिस्कार्ड', म्हणजे मुकाट्याने फेकून द्या, असाही एक शब्द आहे. संघटनेच्या पदाच्या पत्त्यावर हा शब्द कधीही वापरू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. कचरा वाटला तर तो दारावरच नाकारावा; नाकारण्याइतकी खात्री नसेल तर वेगळ्या कप्प्यात टाकावा आणि तो कप्पा रोज कोणी पाहावयाचा, हे माणसाचे नाव घेऊन ठरवावे. पोच द्यायची आणि कागद फाडून टाकायचा, हे वर्तन मालकाने केले असता आपण त्यास काय म्हणतो, ते आठवावे.

आता अडचणीच्या प्रसंगाविषयी दोन शब्द. पत्र आज देता आले नाही, तर पोस्टफिक्स ते रांगेत ठेवून पुन्हा पुन्हा प्रयत्न करते. मुद्दाम बदलले नसेल तर ही मुदत ५ दिवसांची असते. त्यानंतर पत्र परत जाते. म्हणून सर्व्हर दोन दिवस बंद पडला तरी घाबरण्याचे कारण नाही. बाहेरची नीट लावलेली यंत्रेही तेवढा काळ धीर धरतात. घाबरावे ते चुकीच्या ५ च्या आकड्याला, कारण त्यास दुसरी संधी नसते. यासाठी नवी मांडणी करताना 'सॉफ्ट बाउन्स' हा हुकूम चालू करावा. मग पोस्टफिक्स 'कधीच नाही' असे म्हणण्याऐवजी 'पुन्हा या' असे म्हणते. आपली चूक झाली असेल तर ती सुधारेपर्यंत पत्रे रांगेत थांबतात. सर्व ठीक चालले अशी खात्री झाली की हा हुकूम आठवणीने बंद करावा.

आणि खात्री कशावरून करावयाची? नोंदवहीवरून. सर्व्हर प्रत्येक पत्रास एक क्रमांक देतो आणि त्याची वाटचाल नोंदीत लिहून ठेवतो: कोणत्या यंत्राकडून आले, किती वाजता, कोणास दिले, आणि शेवट काय झाला, पोचले, लांबले, की परत गेले. हेच आपले आवक रजिस्टर. वाद उत्पन्न झाला असता ही नोंदच उपयोगी पडते, म्हणून ती जपून ठेवावी. नवी मांडणी झाल्यावर बाहेरच्या पत्त्यावरून प्रत्येक पदाला एक पत्र पाठवावे, नसलेल्या नावालाही एक पाठवावे, आणि दोन्हींचा शेवट नोंदीत वाचावा. पहिले पेटीत दिसले पाहिजे. दुसरे दारावर नाकारलेले दिसले पाहिजे. दुसरी परीक्षा बहुतेकजण घेतच नाहीत.

सर्वांनी स्वतःचा सर्व्हर चालवावा, असा आमचा आग्रह नाही. ज्याला ते झेपत नाही त्याने भाड्याने सेवा घ्यावी. परंतु भाड्याने घेतली म्हणून प्रश्न संपत नाहीत. ते फक्त दुसऱ्याच्या टेबलावर जातात. आपली पतपेढी, आपली गृहनिर्माण संस्था, आपली शाळा, आपली संघटना, जेथे जेथे आपली पत्रे घेतली जातात, तेथे सभासद म्हणून तीन गोष्टी विचाराव्यात. पदाच्या पत्त्यांची यादी कोण ठेवतो आणि शेवटची केव्हा तपासली? संशयित पत्रे नाकारली जातात, वेगळी ठेवली जातात, की नाहीशी होतात? आणि आवक नोंद किती दिवस जतन होते? ज्यास यांची उत्तरे देता येत नाहीत, त्याने दिलेल्या पोचेवर विसंबून राहू नये.

सारांश, २५० हा आकडा म्हणजे यंत्राने आपल्या वतीने केलेली सही आहे. सही करण्याचा अधिकार आपण कचेरीतल्या कोणासही देत नाही. ज्यास देतो त्यास काय घ्यावे, काय नाकारावे आणि घेतलेले कोठे ठेवावे, हे आधी नीट समजावून सांगतो. यंत्रालाही तसेच सांगून ठेवले पाहिजे, आणि माणसे बदलली की पुन्हा सांगितले पाहिजे.